लाईट आली...

आमच्याकडे खानदेशात 'वीज' कधी जात नाही. जाते ती 'लाईट'. आणि येते तीसुद्धा लाईटच, मग भर दुपारी बारा वाजता का येईना! माझं शाळेचं वय म्हणजे २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं. शेजारी भुसावळजवळ दीपनगरला एवढं मोठं औष्णिक वीज केंद्र, त्याच्या चिमण्या लांबून दिसायच्या, आणि आम्ही कंदिलाच्या उजेडात पाढे म्हणायचो. मग कधीतरी रात्री अख्ख्या गल्लीतून एकच आरोळी उठायची, "आलीऽऽऽ!"

त्या आरोळीनंतर नेमकं काय होतं, याचा मी कधी विचार केला नव्हता. आता नोकरीच अशी आहे की दुसरा विचार करत नाही. मी पुण्यात एका कंपनीत बॅकग्राउंड सर्व्हिसेस लिहितो. म्हणजे असे प्रोग्राम, ज्यांना खिडकी नाही, बटण नाही, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही. मशीन सुरू झालं की त्यांनी आपापलं उठायचं आणि गपगुमान कामाला लागायचं. युनिक्सवाले त्यांना 'डीमन' म्हणतात. हे नाव १९६३ च्या सुमारास एमआयटीतल्या प्रोजेक्ट मॅकच्या मंडळींनी दिलं, मॅक्सवेलच्या त्या रेणू निवडत बसणाऱ्या काल्पनिक राक्षसावरून. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तू भुतं तयार करतोस." आता काय बोलणार :)

तर गोष्ट अशा एका भुताचीच आहे. आणि ती लिहायला मला जरा जड जातंय, कारण चूक माझी होती.

माझे मामा धुळ्याला असतात. हायवेच्या कडेला त्यांचा वजनकाटा आहे. ट्रॅक्टर-ट्रॉली, ट्रक येतात, भरलेलं वजन होतं, माल खाली करून आले की रिकाम्याचं वजन होतं, दोन्हींची वजाबाकी करून पावती निघते. काट्याला एक डबा असतो, त्याला इंडिकेटर म्हणतात. लाल आकड्यात वजन दाखवतो आणि तोच आकडा एका केबलमधून कॉम्प्युटरला सतत पाठवत राहतो. मामांचं जुनं सॉफ्टवेअर सारखं बंद पडायचं, म्हणून तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना नवीन लिहून दिलं. फुकट. भाचा इंजिनियर असण्याचा तेवढा तरी फायदा नको का?

प्रोग्रामचे दोन भाग. एक मागे चालणारी सर्व्हिस, जी केबलवरून वजन वाचते. आणि एक पडदा, जो ते दाखवतो आणि पावती छापतो. काट्यावरचं मशीन विंडोजचं. मी लिहिलं माझ्या मॅकवर. पुढे मामांनी एक छोटं लिनक्सचं डबडं पण घेतलं, विंडोज रुसलं तर हाताशी असावं म्हणून. म्हणजे एकच प्रोग्राम आणि तीन ठिकाणी तीन तऱ्हेने उठवायचा. इथेच सगळी गंमत आहे.

विंडोजमध्ये सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर नावाचा एक मुकादम असतो. तो तुमचा प्रोग्राम सुरू करतो आणि घड्याळ लावून बसतो. साधारण ३० सेकंदांत तुम्ही हजेरी लावली नाही, तर तो १०५३ नंबरची एरर देऊन मोकळा होतो. माझी सर्व्हिस उठल्या उठल्या डेटाबेस उघडायची, पोर्ट उघडायची, जुन्या नोंदी तपासायची आणि मग हजेरी लावायची. एरवी चार सेकंदांचं काम. पण लाईट येऊन मशीन नुकतं उठलेलं असलं, अँटिव्हायरस, अपडेट आणि आणखी वीस जण एकाच हार्डडिस्कवर तुटून पडलेले असले, की तेच काम चाळीस सेकंदांवर जायचं. १०५३! मामांचा फोन, "अरे, ते पुन्हा लाल झालं."

मी त्यावर जो उपाय केला तो अर्ध्या जगाने केलेला असेल. उठल्या उठल्या "चालू आहे" असं सांगून टाकायचं आणि खरं काम एका वेगळ्या थ्रेडमध्ये मागून सावकाश करायचं. एरर गेली, मामा खूष. वर मी आणखी एक शहाणपणा केला. सुरुवातीला पडदा रिकामा दिसू नये म्हणून डेटाबेसमधलं शेवटचं वजन वाचून दाखवायला लागलो. तेवढंच छान दिसतं!

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. मक्याचा हंगाम. त्या संध्याकाळी धुळ्याच्या त्या भागात लाईटचा लपंडाव चालू होता, तीनदा गेली आणि तीनदा आली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारे शेतकरी मामांकडे पावती घेऊन आले. त्यांच्या मक्याचं वजन निघालं होतं २८ क्विंटल २० किलो. ते म्हणाले, "भाऊ, हाई वजन माले पटत नही." इतकी वर्षं तीच ट्रॉली, तशीच भरतात, पस्तिसाच्या खाली कधी आलेली नाही. पण माल व्यापाऱ्याकडे खाली होऊन ढिगात मिसळला होता. पुन्हा मोजायचा कसा?

मामांनी मला फोन लावला. मी ऑफिसात होतो, मीटिंगच्या मध्ये. लॅपटॉपवरून काट्याच्या मशीनवर गेलो आणि सर्व्हिसेसची यादी उघडली. माझ्या सर्व्हिसपुढे स्वच्छ लिहिलेलं होतं, रनिंग. मी मामांना म्हटलं, "मामा, सगळं व्यवस्थित चालू आहे. त्यांचाच अंदाज चुकला असेल."

हे वाक्य मी बोललो. एका मिनिटात. न बघता.

मामा एवढंच म्हणाले, "बरं." नंतर मामींकडून कळलं की त्यांनी त्या बाबांना सात क्विंटलचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले. क्विंटलला दोन हजाराच्या आसपास भाव धरला तर चौदा हजार रुपये. मी सांगितलेल्या 'रनिंग'वर त्यांनी विश्वास ठेवला नाही, त्या माणसाच्या तोंडी हिशोबावर ठेवला. मला आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, आता मी दाखवूनच देतो. म्हणून रात्री लॉग काढून बसलो.

संध्याकाळी ७ वाजून १४ मिनिटांपासून ७ वाजून ५२ मिनिटांपर्यंत केबलवरून एकही वजन आलेलं नव्हतं. लाईट आल्यावर कॉम्प्युटर उठला, माझी सर्व्हिस उठली, पोर्ट उघडायला गेली, पण यूएसबी केबलचा ड्रायव्हर अजून जागा व्हायचा होता. पोर्ट मिळाला नाही, तो थ्रेड मेला. नुसता मेला, कुणाला न सांगता. सर्व्हिस मात्र "चालू आहे" म्हणत बसून राहिली आणि पडद्यावर शेवटचं वजन, ६,१२० किलो. बाबांची पावती ७ वाजून ३१ मिनिटांची, भरलेलं वजन ६,१२०. त्यांच्या आधीची पावती दुसऱ्याच कुणाची, तिचंही भरलेलं वजन ६,१२०. किलोला किलो बरोबर. मग लाईट पुन्हा गेली, पुन्हा आली, या वेळी पोर्ट नीट उघडला, आणि रिकाम्या ट्रॉलीचं वजन बरोबर झालं. त्यामुळे वजाबाकी बघणाऱ्यालाही काही खटकलं नाही. इंडिकेटरवर लाल आकडे खरे दिसत असणार, पण काट्यावरच्या पोराला आता पडद्याकडे बघून पावती काढायची सवय लागली होती. ती सवय मीच लावली होती.

काटा खरा होता. त्यावर वैधमापनचा शिक्का आहे. खोटा होतो मी.

त्या रात्री झोप लागली नाही. शुक्रवारी रात्रीची बस पकडून धुळ्याला गेलो. मामांना सगळं सांगितलं आणि चौदा हजार तिथल्या तिथे फोनवरून पाठवायला निघालो. मामांनी हात धरला. म्हणाले, "पैशांचं राहू दे भाचेबुवा. त्या बाबांना जाऊन सांग, की वजन तुझ्याकडून चुकलं. नाहीतर ते समजतील, मामाने दया केली."

मी गेलो. साक्री रस्त्याला त्यांचं गाव. ओट्यावर बसलो, जमेल तसं समजावलं: केबल, ड्रायव्हर, थ्रेड. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मशीनले काय कळस, भाऊ?" मग चहा आला. माझ्या घशाखाली तो काही नीट उतरला नाही.

दुपारी धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगाव, आणि तिथून तापी ओलांडून यावलला घरी. आमची केळी आहे. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. त्या आठवड्यात शेतीच्या लाईनची पाळी रात्रीची होती. मी म्हटलं, "मी पण येतो विहिरीवर." खरं तर मला घरात बसवत नव्हतं.

आता ऑटोस्विच म्हणजे काय ते शहरातल्या मंडळींना सांगायला हवं. शेतीपंपाची लाईट रात्री-बेरात्री येते. अंधारात साप, विंचू, आमच्या सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्यासुद्धा. म्हणून लोक स्टार्टरला ऑटोस्विच लावतात: लाईट आली की मोटर आपोआप चालू. झोपेतून उठायला नको. पण महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय की ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा. कारण साधं आहे. मोटर उठताना तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सात पट करंट ओढते. एका डीपीवरच्या वीस मोटरी लाईट आल्याच्या त्याच क्षणी एकदम उठल्या, तर डीपी एक तर ट्रिप होते नाहीतर जळते. मग पुढचे किती दिवस कुणालाच पाणी नाही.

आमच्याकडेही ऑटोस्विच होता. एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, रात्री लाईट आली, मोटर आपोआप चालू झाली आणि पहाटेपर्यंत कोरडीच फिरत राहिली. सकाळी वाइंडिंग जळालेलं. स्टार्टरच्या हिशोबाने मोटर रात्रभर 'चालू' होती! नानांनी त्या दिवशी ऑटोस्विच काढून टाकला. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि मला तो मागासलेपणा वाटला होता.

रात्री साडेअकराला लाईट आली. मी लगेच हिरव्या बटणाकडे हात नेला. नाना म्हणाले, "थांब." आम्ही थांबलो. दोन-तीन मिनिटं काहीच नाही. लांब कुणाची तरी मोटर सुरू झाल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या बाजूने आणखी एक. नानांनी स्टार्टरच्या डब्यावरचे तीन फेजचे दिवे बघितले आणि मग बटण दाबलं. मला वाटलं, झालं काम. पण ते बॅटरी घेऊन पाइपाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. आधी नुसती हवा, मग गढूळ पिचकारी, मग भरून धार. त्यांनी धारेखाली हात धरला, आणि मगच म्हणाले, "हं, चालू झाली."

मी तिथेच उभा राहिलो. माझ्या चार वर्षांच्या नोकरीत मला कुणी इतकं नीट शिकवलं नव्हतं.

बघा ना. लाईट आल्या आल्या उठायचं नाही, थोडं थांबायचं. आणि सगळ्यांनी सारखंच नाही, कुणी दोन मिनिटं, कुणी तीन. आम्ही लोक याला बॅकऑफ आणि जिटर म्हणतो. ज्याच्या जिवावर चालायचं ते हजर आहे का, ते आधी बघायचं: तीन फेज, विहिरीत पाणी. आणि 'बटण दाबलं' आणि 'पाणी आलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी झाल्याशिवाय पहिलीला 'चालू' म्हणायचं नाही.

गंमत म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनी या सगळ्याची सोय केलेली आहे. आपण ती वाचत नाही, एवढंच. विंडोजच्या त्या मुकादमाला नुसतं "चालू आहे" किंवा "मेलो" एवढंच सांगता येतं असं नाही. मधली एक अवस्था आहे, "सुरू होतोय, अजून इतका वेळ द्या", आणि ती सांगत राहिलात तर तो थांबतो. मी त्या अवस्थेला टांग मारून थेट खोटं बोललो होतो.

लिनक्सवर पूर्वी इनिटच्या स्क्रिप्ट असायच्या. नंबराप्रमाणे एकामागून एक चालायच्या, आणि प्रोग्राम स्वतःला दोनदा फोर्क करून मागे पळून जायचा, जाताना आपला नंबर एका पीआयडी फाईलमध्ये लिहून. माझ्या लिनक्सच्या पहिल्या आवृत्तीत मीही प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये अशी फाईल ठेवली होती. लाईट गेली की प्रोग्राम मरायचा, फाईल मात्र राहायची. लाईट आल्यावर नवा प्रोग्राम ती फाईल बघायचा, योगायोगाने तो नंबर दुसऱ्याच कुणाला मिळालेला असायचा, आणि हा म्हणायचा, "मी आधीच चालू आहे," आणि निघून जायचा. मेलेल्या माणसाच्या नावावर रेशन उचलतात, तसला प्रकार.

२०१० साली सिस्टिमडी आलं आणि पुढच्या पाच वर्षांत बहुतेक मोठ्या लिनक्स वितरणांनी ते घेतलं. त्यात तुम्ही साधा प्रकार निवडला तर प्रोसेस जन्मली की ती 'चालू' धरली जाते. पण 'नोटिफाय' प्रकार निवडला तर प्रोग्राम स्वतः "तयार" असा निरोप देईपर्यंत सिस्टिमडी वाट बघतं. शिवाय 'याच्यानंतर उठव' आणि 'याच्याशिवाय उठवू नको' या दोन सूचना वेगळ्या आहेत, एक दिली म्हणजे दुसरी आपोआप होत नाही. आणि आणखी एक खोच: पडल्यावर पुन्हा उठव असं सांगितलं, पण मध्ये किती थांबायचं ते सांगितलं नाही, तर ते जवळजवळ लगेच उठवतं, आणि १० सेकंदांत ५ वेळा पडलात की नाद सोडून देतं. केबल जागी व्हायला बारा सेकंद लागत असतील, तर तुमची सर्व्हिस तोवर कायमची झोपलेली असते. मध्ये पाच सेकंद थांबायला सांगितलं की प्रश्नच मिटतो.

मॅकची तऱ्हा तिसरीच. तिथे २००५ पासून लाँचडी आहे. त्याला प्रोग्राम मागे पळून गेलेला मुळीच खपत नाही. समोर उभं राहून काम करा म्हणतो. पडलात तर उठवतो, पण दोन उठण्यांमध्ये निदान १० सेकंद ठेवतो. आणि कुणाच्या आधी कोण, कुणाच्या मागून कोण, हे तिथे लिहायची सोयच नाही. तुम्हाला जे हवं ते नसेल, तर तुम्ही स्वतः वाट बघायची. सुरुवातीला मला हे आडमुठेपणाचं वाटायचं. आता वाटतं, तिघांत सरळ तोच बोलतो.

पुण्याला परत आल्यावर पुढचे दोन शनिवार-रविवार सर्व्हिस पुन्हा लिहिली. गाभा एकच. तो कुठल्याही मशीनवर समोर उभा राहून चालतो, मागे पळत नाही, पीआयडी फाईल ठेवत नाही, थांब म्हटलं की नीट थांबतो. त्याच्यावर तीन पातळ टोप्या, विंडोजची, लिनक्सची, मॅकची. त्यांचं काम फक्त त्या त्या मुकादमाच्या भाषेत निरोप पोचवणं. पोर्ट मिळाला नाही तर गाभा थांबतो, पुन्हा बघतो, दर वेळी थोडा जास्त थांबतो. वाचणारा थ्रेड मेला तर अख्खी सर्व्हिस मरते, आवाज करून, म्हणजे मुकादम तिला उठवेल. केबलवरून खरं, ताजं वजन आल्याशिवाय 'तयार' म्हणायचं नाही. आणि दोन सेकंदांपेक्षा जुना आकडा म्हणजे वजन नव्हेच. तेव्हा पडद्यावर मोठ्या अक्षरात एकच शब्द, 'थांबा', आणि पावतीचं बटण बंद. शेवटचं वजन दाखवायचा तो शहाणपणा काढून टाकला.

मग धुळ्याला जाऊन मामांच्या समोर मेन स्विच खाली ओढला. वर केला. पुन्हा ओढला. वीस वेळा. अठराव्या वेळी केबल जागी व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, पडदा 'थांबा' म्हणत राहिला, आणि मला जीव भांड्यात पडल्यासारखं वाटलं. न चालणारी गोष्ट न चालताना दिसली, याचा इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

काट्यावरचं पोरगं मात्र कुरकुरलं. "दादा, आधी लगेच यायचं. आता लाईट आल्यावर मिनिटभर नुसतं थांबा-थांबा करतं. बाहेर गाड्या उभ्या राहतात." मी काही बोलणार, तेवढ्यात मामा गल्ल्यावरून म्हणाले, "राहू दे उभ्या."

असो. परवा ऑफिसात एका नव्या मुलाने मला त्याची सर्व्हिस दाखवली. मी विचारलं, चालू झालीये हे कशावरून? त्याने पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. मी त्याला म्हटलं, खुर्ची ओढ, एक गोष्ट सांगतो. आणि नानांच्या विहिरीपासून सुरुवात केली. ट्रॉलीपर्यंत पोचायला मला जरा वेळ लागला.